नावं संपेपर्यंत

कस्तुरी टॉकीजचं दार धाडकन उघडलं आणि तो बाहेर आला. वर्षाली दचकलीच. आत ‘शेड नंबर नऊ’चा दुपारचा खेळ आत्ता कुठे सुरू झाला होता, प्रेक्षक सुटायला भरपूर वेळ होता. ती आपली चिंचवडच्या त्या रखरखीत उन्हात पायरीवर बसून माइकच्या वायरचा गुंता सोडवत होती. आणि हा बाबा चक्क निघाला!

आता वर्षालीचं सांगायचं तर पोरगी गुणी, पण जीभ तिखट. आठवडाभर तळवड्याच्या आयटी पार्कात मान मोडून काम करायची आणि सुट्टीला थिएटरबाहेर उभी राहून लोकांची मतं मोबाइलवर टिपायची. ‘कसा वाटला पिक्चर?’ हेच तिच्या चॅनेलचं नाव. तिचा एक नेम होता. पडद्यावरची शेवटची नावं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, मग पिक्चर कितीही भंगार असो. सकाळच्याच खेळाला तिनं शेवटपर्यंत बघितलेला ‘शेड नंबर नऊ’ तर खरोखर भंगाराचाच होता. भोसरीतल्या बंद शेडमधून तांब्याच्या तारा चोरणारी टोळी, आणि वेल्डिंगचा मास्क घालून त्यांना एकेक करून ग्राइंडरनं कापणारा कुणीतरी. चार दोस्तांनी रजा जोडून जोडून काढलेला पिक्चर. रक्त बिटाचं होतं, हे शेवटच्या रांगेतूनही कळायचं.

“अहो, एक मिनिट!” ती त्याला आडवी गेली. “एवढा वाईट आहे का पिक्चर?”

तो थांबला. उंच, सावळा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. डोळे लाल होते. धुळीनं झाले असतील, असं तिला वाटलं.

“नाही की,” तो म्हणाला. “चांगलाय. जेवढा बघितला तेवढा चांगलाय.”

“मग उठलात कशाला?”

“माझं… तेवढंच काम होतं.”

“पिक्चर बघायला येता, का मीटरचं रीडिंग घ्यायला?”

त्याला हसू आलं. उगाच नाही, अगदी मनापासून आलं, आणि वर्षालीच्या हातातली वायर पुन्हा गुंतली.

“नाव काय सांगू लोकांना?”

“प्रेक्षक सांगा.”

“आडनाव?”

“पळपुटे,” तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघालासुद्धा. गेटपाशी गाडी हळू झाली, त्यानं एकदा वळून पाहिलं… मग रस्त्यावरच्या धुळीत दिसेनासा झाला.

खेळ सुटल्यावर मतांचा नुसता पाऊस पडला. एक मावशी तणतणत होत्या, “भुताचा पिक्चर म्हणून आले, भूत कुठंय? नुसती कापाकापी!” कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, “भावा, ग्राइंडरचा सीन एक नंबर! बाकी झोप काढली.” एका काकांनी ठणकावून सांगितलं, खुनी कोण हे त्यांना पहिल्या गाण्यातच कळलं होतं. पिक्चरमध्ये गाणं नव्हतंच, पण काकांना कोण सांगणार!

संध्याकाळी वर्षाली व्हिडिओ जोडायला बसली आणि तिथंच घात झाला. ‘चांगलाय’ हे त्याचे शब्द तिनं कापले. ठेवलं काय, तर तरातरा बाहेर येणारा तो आणि त्याचं ते आडनाव. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पॉपकॉर्न संपायच्या आत प्रेक्षक पळपुटे पसार!’ लोक खदाखदा हसले, व्हिडिओ पिंपरीपासून चाकणपर्यंत फिरला. ती मात्र आठवडाभर कमेंट्स चाळत राहिली. त्याची एखादी ओळ येईल म्हणून, दुसरं काय!

पुढच्या शनिवारी ती पुन्हा कस्तुरीच्या पायरीवर हजर. काम काही नव्हतं. दारावरचे म्हातारे भिमाजी मिशीत हसले.

“त्या निळ्या शर्टाची वाट बघताय व्हय? आत हाय त्यो. सुट्टी असली की येतोय. पयला गडी मरायला आला की उठतोय.”

“पुन्हा पुन्हा येतात? आणि दर वेळी उठतात?”

“व्हय. पर आता कुठला येतोय? गुरुवारी उतरतोय पिक्चर. तुमच्या त्या व्हिडिओनं पार बसवला बगा.”

वर्षालीला चटका बसला. तेवढ्यात दार उघडलं. तोच तो. आज मात्र तिला पाहून तो हसला नाही.

“सॉरी,” ती घाईनं म्हणाली. “मी गंमत म्हणून…”

“कंपनीत सगळे मला पळपुटेच म्हणायलेत,” तो शांतपणे म्हणाला. “त्याचं काही नाही, हसू द्या. पण गावाकडं माझ्या आईनं बघितला तो व्हिडिओ. फोनवर विचारायली, ‘गणू, आपल्या अज्याचा पिक्चर इतका वंगाळ झालाय का रे, की तूसुद्धा उठून गेलास?’”

“अज्या कोण?”

“तो टपरीवर चहा पितो बघा. शिट्टी वाजवत शेडमध्ये जातो, आणि पहिला मरतो…” त्यानं मागं दाराकडे पाहिलं. “अजिंक्य. माझा धाकटा भाऊ.”



त्याचं नाव गणराज. दोघं भाऊ लातूरकडचे, भोसरीत एका खोलीत राहायचे. शूटिंग संपलं, आणि काही आठवड्यांतच मोशीच्या रस्त्यावर एका डंपरनं अजिंक्यच्या गाडीला उडवलं. ओळख पटवायला गणराजच गेला होता.

“घरात फोटो आहेत त्याचे,” तो म्हणाला. “पण फोटो शिट्टी वाजवत नाही. म्हणून येतो. चहा पितो, हसतो, तेवढं बघतो… आणि तो मरायच्या आत उठतो. एकदा बघितलंय मी त्याला तसं. खरंखुरं. परत नाही बघवत.”

वर्षालीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ‘चांगलाय’ म्हणाला होता तो, स्पष्ट म्हणाला होता, आणि तिनं तेवढंच नेमकं कापलं होतं! तिनं तिथंच मोबाइल काढून व्हिडिओ उडवला. तरी गेलेलं परत थोडंच येणार होतं? गुरुवारी पिक्चर उतरला की भावाची ती शिट्टीही या माणसाच्या हातून जाणार होती.

आणि मग तिला आठवलं. शेवटची नावं! ती एकटीच बसून होती तेव्हा, लोक तर कधीच पांगले होते…

“तुम्ही शेवट कधीच बघितला नाहीत?”

“खुनी कोण ते कळून काय करू मी?”

“खुनी गेला खड्ड्यात! गुरुवारी दुपारी शेवटचा खेळ आहे, त्याला या. माझ्या शेजारी बसा. तो सीन आला की डोळे मिटा, उघडायचे कधी ते मी सांगेन.”

“काय आहे शेवटी?”

“मी सांगितलं तर ते माझं होईल. ते तुमचं आहे… तुम्हीच बघा.”

“आणि तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?”

“नका ठेवू,” ती हळूच म्हणाली. “पण या.”

त्याच रात्री तिनं नवा व्हिडिओ टाकला. यात दुसऱ्या कुणाचं मत नव्हतं, तिचंच होतं. ‘मी एका प्रेक्षकाचे शब्द कापले. तो पिक्चरला चांगला म्हणाला होता. पिक्चर कच्चा आहे, मान्य. पण टपरीवरच्या त्या पोराचं हसू खरं आहे. गुरुवारपर्यंत जाऊन बघा.’ भावाविषयी मात्र एक अक्षर बोलली नाही. ते तिचं नव्हतंच.

गुरुवारी तिनं रजा टाकली. थिएटर भरलं नव्हतं, पण पुढच्या दोन-तीन रांगा तरी माणसांनी बोलक्या झाल्या होत्या. दिवे मालवले तरी गणराजचा पत्ता नाही. नाही येणार, तिला वाटलं, कशाला येईल? मी कोण त्याची? डोळे भरून यायला लागले, तोच अंधारात कुणीतरी चाचपडत आलं आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसलं. साबणाचा आणि मशीनच्या तेलाचा मिसळलेला वास आला.

पडद्यावर टपरी आली. अजिंक्यनं बशीत चहा ओतला, टपरीवाल्याला डोळा मारला आणि शिट्टी वाजवत निघाला. वर्षाली पडद्याकडे पाहतच नव्हती. ती शेजारच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावर इतकी माया होती की तिचा जीव गलबलला.

शेडचं दार किरकिरलं. ग्राइंडर सुरू झाला. गणराज खुर्चीतून अर्धा उठला.

ती झटकन मधल्या खुर्चीवर सरकली, त्याचं मनगट धरलं. “बसा… मी आहे.”

तो बसला. डोळे घट्ट मिटले. मागं कुणीतरी किंचाळलं. त्याची बोटं तिच्या बोटांत रुतली.

“झालं?”

“अजून नाही…”

“आता?”

“झालं. उघड डोळे.”

उघड! ‘उघडा’ म्हणायचं होतं तिला. तिनं जीभ चावली. त्यानं हात मात्र सोडवून घेतला नाही.

पुढं टोळीतले बाकीचे मेले, मास्क निघाला, खुनी मालकाचा हिशेबनीस निघाला, पब्लिक हसलं. दिवे लागले, खुर्च्या खडखडल्या. गणराजही उठायला लागला.

“नावं संपायची आहेत,” ती म्हणाली.

काळ्या पडद्यावर नावं वर सरकत होती आणि कोपऱ्यात एक लहानशी चौकट उघडली. शूटिंगमधल्या चुका होत्या त्या. शेडच्या फरशीवर अजिंक्य पडला होता, बिटाच्या रसात माखलेला, डोळे मिटून. कुणीतरी ‘कट’ म्हणालं. अजिंक्यनं एक डोळा उघडला.

“मेलो का नीट?”

मागं सगळे फिदीफिदी हसले.

“हसता कशाला? परत घ्या राव! आमचा दादा येणारे बघायला, त्याला खरं वाटलं पाहिजे.”

आणि तो उठला. गुडघे झटकले, तोंडावरचं लाल बाहीनं पुसलं, आणि शिट्टी वाजवत चौकटीबाहेर निघून गेला.

“उठला,” गणराज पुटपुटला. “उठला की गं तो!”

आणि मग तो रडला. लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. वर्षालीही रडली. भिमाजींनी दिवे तसेच ठेवले आणि कुणालाही आत झाडायला येऊ दिलं नाही.

बाहेर येऊन दोघं पायरीवर बसले. ऊन कलतीला लागलं होतं.

“कसा वाटला पिक्चर?” तिनं विचारलं. माइक नव्हता, मोबाइलही पर्समध्येच होता.

“शेवट चांगलाय,” तो म्हणाला. “मगाशी मला ‘उघड’ म्हणालात.”

“आणि तुम्ही मला ‘गं’ म्हणालात.”

“माझ्या तोंडून… चुकून गेलं.”

“माझं पण चुकूनच गेलं होतं,” वर्षाली म्हणाली. मान वर करायचा धीर होत नव्हता, तरी बोलली, “पण आता परत ‘तुम्ही’ म्हणवत नाहीये मला.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ते लाल डोळे, आणि ते मनापासूनचं हसू, दोन्ही एकदम.

“मग नको म्हणूस,” तो म्हणाला.

त्यानं फोन काढला, गावाकडं लावला. पलीकडं घंटी वाजत होती, तेवढ्यात त्याचा मोकळा हात तिच्या हाताशी आला आणि तिथंच राहिला.

“आई? व्हय, पिक्चरलाच आलतो. शेवटपर्यंत बसलो गं आज. ऐक ना… आपला अज्या शेवटी उठतो. खरंच उठतो. आन् तो तुकडा मी त्याच्या दोस्तांकडनं मागून आणतो तुला दाखवायला.”

पलीकडून म्हातारीचा ओला आवाज वर्षालीलाही ऐकू आला.

“एकटाच बसलतास का रे, गणू?”

गणराजनं वर्षालीकडे पाहिलं.

“न्हाई, आई,” तो म्हणाला. “एकटा न्हाई.”