एकशे बासष्टचा आकडा

"मी गप्प नव्हते," ती मुलगी दारातूनच म्हणाली. "एवढं सिद्ध करून द्या. बाकी काही नको."

काकूंनी तिला आधी खुर्ची दिली, मग पाणी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्यावर काकूंनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. सोबतीला मास्तर होते. काकूंच्या यजमानांचे जुने मित्र, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. अक्षर मोत्यासारखं, डोकं जरा सावकाश चालणारं.

"मी को-पायलट आहे," मुलगी म्हणाली. "गेल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी आम्ही उतरत होतो. विमान कॅप्टन चालवत होते. त्यांच्यासमोर एक वेगाचा काटा असतो, माझ्यासमोर दुसरा. माझ्या काट्यावर एकशे बासष्ट होतं. हवं होतं एकशे तीस. मी तीनदा ओरडले, 'वेग एकशे बासष्ट, वर घ्या!' म्हणजे उतरू नका, पुन्हा चक्कर मारा."

"आणि ते?"

"म्हणाले, 'माझ्या कॉकपिटमध्ये पाचशे फुटांखाली कुणी बोलायचं नाही.' विमान धावपट्टी ओलांडून गवतात रुतलं. कुणाला खरचटलंही नाही. पण आता ते सांगतात, मी शब्दही बोलले नाही."

"अहो, पण कॉकपिटमधला आवाज नोंदला जातो ना?" मास्तरांनी विचारलं.

"ती पेटी फक्त शेवटचे दोन तास ठेवते, काका. विमानात वीज चालू असेल तोवर जुन्यावर नवं चढत जातं. त्या दिवशी वीज बराच वेळ चालू राहिली. सगळं पुसलं गेलं."

या गुरुवारी चौकशी समिती बसणार होती. गप्प बसल्याचा ठपका आला, तर तिचं लायसन्स जाणार होतं.

"बाबा म्हणतात, माफी माग आणि मिटवून टाक."

"तू काय म्हणतेस?"

"न केलेल्या चुकीची माफी? मी नाही मागणार."

काकूंनी चष्मा लावला. "मास्तर, वही काढा."

कॅप्टनच्या दिवाणखान्यात भिंतभर प्रशस्तिपत्रं होती. गृहस्थ उंच, रुबाबदार, आवाज खर्जातला.

"विचारा काय ते. पण लवकर."

"तुमचा वेगाचा काटा चुकीचा होता म्हणे?"

"होता. एकशे तीस दाखवत होता. त्यात माझा काय दोष? शेजारी दुसरा पायलट त्यासाठीच बसवतात. तिनं सांगायला हवं होतं."

"तुम्ही तिच्या काट्याकडे एकदा तरी बघितलंत?"

"बाई, उतरताना माझी नजर धावपट्टीवर असते, नाहीतर माझ्या काट्यावर. शेजाऱ्याच्या ताटात डोकावायची मला सवय नाही."

"बरोबर आहे. आणि विमान थांबल्यावर तरी ती बोलली?"

"तोंडाला कुलूप! नर्स तिला घेऊन गेली तोपर्यंत हूं नाही की चूं नाही. घाबरट पोरगी. मी जबाबातसुद्धा लिहिलंय." त्यांनी जबाबाची प्रत काकूंच्या हातात दिली. "वाचा सावकाश."

बाहेर पडल्यावर मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली. वर शिक्का होता, सोमवार, सकाळी अकरा चाळीस. विमान उतरलं होतं दहा पन्नासला. "'माझ्या काट्यावर एकशे तीस होते. को-पायलटच्या काट्यावर एकशे बासष्ट होते. तरीही तिने एक शब्द उच्चारला नाही.' वहिनी, माणूस नेटका आहे हो. आकडे कसे चोख लिहिलेत."

"पायलट ना ते. 'साधारण', 'जवळपास' त्यांना लिहिताच येत नाही," काकू म्हणाल्या.

हवाई सुंदरींची प्रमुख ड्युटी संपवून कॅन्टीनमध्ये बसली होती.

"कॉकपिटचं दार बंद होतं, मला काही ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू?" ती म्हणाली. "पण पंधरा मिनिटांत सगळे प्रवासी बसमध्ये होते. सगळ्यात शेवटी कॅप्टन उतरले, रिकाम्या खुर्च्या तपासून. नियमच आहे तसा."

"आणि को-पायलट?"

"दार उघडलं तेव्हापासून मी तिच्याजवळच होते. पांढरीफटक पडली होती बिचारी. नर्सकडेही मी सोबत गेले. बारा वाजेपर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही."

मास्तरांनी निराश होऊन वही मिटली. ही साक्ष तर मुलीच्याच विरुद्ध जात होती. काकू मात्र खुशीत चहा ढवळत होत्या.

हँगरमध्ये इंजिनिअर हात पुसत पुढे आला. "डाव्या बाजूच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. त्या नळीतून हवा आत जाते, तेव्हा कॅप्टनचा काटा हलतो. माती सरकली आणि काटा फसला."

"हे कधी कळलं?"

"त्या बुधवारी. आकडे नोंदणारी दुसरी पेटी उघडली तेव्हा. उजव्या काट्यावर एकशे बासष्ट होतं, हेही तेव्हाच कळलं."

"आणि सोमवारी वीज कुणी चालू ठेवली?"

इंजिनिअरचा चेहरा पडला. "मीच. मी चाकाखाली आडवा होतो. कॅप्टन बसकडे जाताना वाकून म्हणाले, 'आत प्रवासी आहेत, उकडेल त्यांना. मी सांगेपर्यंत बंद करू नकोस.' मग दुपारी एक दहाला त्यांचा फोन आला, 'आता बंद कर.'"

"बघा वहिनी, सापडला चोर!" मास्तर काकूंच्या कानाशी पुटपुटले.

"मास्तर, तुम्ही जरा विमानात चला. कॅप्टनच्या खुर्चीत बसा."

मास्तर कसेबसे खुर्चीत शिरले. काकू उजवीकडे बसल्या. "माझ्यासमोरचा वेगाचा काटा वाचा बरं."

"कसा वाचू? मला नुसती काळी झडप दिसतेय."

"सकाळी उजवीकडून ऊन येतं ना, म्हणून लावतात," खालून इंजिनिअर म्हणाला. "त्या सोमवारपासून तशीच आहे. कुणी हात लावलेला नाही."

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला कॅप्टन होते, दुसऱ्या टोकाला मुलगी. अध्यक्षांनी काकूंना दहा मिनिटं दिली.

"पाच पुरतील," काकू म्हणाल्या. "कॅप्टनसाहेबांनी सोमवारी अकरा चाळीसला लिहून दिलं की, को-पायलटच्या काट्यावर एकशे बासष्ट होते. हा आकडा त्यांना मिळाला कुठून?"

"पेटीतून," एक सदस्य म्हणाले.

"पेटी बुधवारी उघडली."

"मी बघितला असेन," कॅप्टन म्हणाले.

"मला तर म्हणालात, बघितला नाही. शिवाय त्या खुर्चीतून दिसतच नाही, मध्ये झडप आहे. आणि समजा, दिसला. मग वेग जास्त आहे हे कळूनही तुम्ही विमान उतरवलंत. हे चालेल का तुम्हाला?"

कॅप्टननी ओठ चावला. "विमान थांबल्यावर सांगितलं असेल तिनं."

"हूं नाही की चूं नाही, असं तुम्हीच म्हणालात. हवाई सुंदरींच्या प्रमुख तर सांगतात, बारा वाजेपर्यंत ती कुणाशीच बोलली नाही. तिच्या त्या मुकेपणाला तुम्ही पुरावा मानत होतात. आहेच तो पुरावा, पण तिच्या बाजूचा. मागाहून सांगितलं नाही, तुम्ही बघितलं नाही, पेटी उघडली नव्हती. मग उरलं काय? तो आकडा हवेतच तुमच्या कानावर पडला. तिनं सांगितला."

काकूंनी चष्मा सारखा केला.

"आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रिकामं विमान स्वतः तपासून उतरलात आणि इंजिनिअरला सांगितलंत, आत प्रवासी आहेत. दोन तासांहून जास्त वेळ तुम्ही गार वारा दिलात तो रिकाम्या खुर्च्यांना. आवाज पुसायला तेवढं पुरलं."

मास्तरांचा पेन वहीवर तसाच थांबला होता. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले.

"अठ्ठावीस वर्षं विमान चालवतोय मी!" कॅप्टन उठले. "कालची पोरगी मला शिकवणार?"

"शिकवत नव्हते, सर," मुलगी म्हणाली. "मागे बसलेले एकशे बारा जण वाचवत होते. तुम्हालासुद्धा."

कॅप्टन खाली बसले. समितीचं आपसात कुजबुजणं झालं. मग अध्यक्षांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. को-पायलटवरचा ठपका मागे. अपघाताचं कारण, दोन्ही वैमानिकांमध्ये संवादाचा अभाव."

"नाही," मुलगी म्हणाली.

अध्यक्ष चकित झाले. "अहो, तुमचं लायसन्स वाचलं. आता आणखी काय हवंय?"

"दोन्ही वैमानिक नाही, साहेब. मी तीनदा बोलले. ते ऐकलं गेलं नाही. तसं लिहा." ती क्षणभर थांबली. "आणि खाली माझी चूकही लिहा. तिसऱ्यांदा ऐकलं नाही, तेव्हा मी विमान माझ्या हातात घ्यायला हवं होतं. तसा नियम आहे. माझा हात पुढे झाला नाही. उद्या माझ्या जागी जी बसेल, तिनं हे वाचायला पाहिजे."

लेखनिकानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी कॅप्टनकडे. कॅप्टन टेबलाकडे बघत होते.

"खोडा," अध्यक्ष अखेर लेखनिकाला म्हणाले. "त्या सांगतील तसं लिहून घ्या."

मुलीनं खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या शब्दापासून सांगायला सुरुवात केली.