सवयीचं लोखंड

नगर कुठलं, आपलं सिंदी मेघेच. तिथं राहे प्रेमदास, त्याची बायको धुरपता, म्हणजे मी, लेक रत्नदीप अन् सून मयुरी. आमच्या यांले हौस जुन्या कट्यारींची. हॉलात काचेचं कपाट, त्याले कुलूप, किल्ली यांच्या गळ्यात.

केळझरले रुखमा राहे, माझ्या माहेरची. तिच्या घरी नातू झाला म्हणून पाहायले गेलतो. तिच्या सुनेच्या बाजेखाली गंजकी कट्यार. बाळंतिणीजवळ लोखंड ठेवतेत, तशी. यांनी लिंबू मागितलं, पात्यावर चोळलं. गंजाखालून लाटांसारखी नक्षी वर आली. यांचे डोळे चमकले, पण तोंडानं म्हणाले, "भंगार आहे. लेकराले धनुर्वात होईल. नवा विळा देतो, हे मले दे."

"लोखंड लोखंडच, भाऊजी. पण याले सवय हाय. आमचे सारे लेकरं यानंच राखले."

"सवय!" हे हसले. "गंजालेबी सवय रायते काय?"

भ्याली बिचारी. दिली.

दिवाळीआधी रुखमा आमच्या दारात, हातात तोच विळा. नातू गेलता.

"करदोड्यात कवडी ओवून पुरला त्याले... तुमचं घ्या. माहं द्या."

हे आतूनच ओरडले, "विकली म्हणून सांग तिले!"

रुखमानं विळा पायरीवर ठेवला. मयुरीच्या पोटाकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "हिचं चांगलं होईल," म्हणाली. "ते इथंच हाय ना..."

मयुरीले मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणला, अन् दिवेलागणीले निळा पडला. ना श्वास, ना रडणं. रत्नदीप गाडी काढून राह्यला तोच घरात ओवा-शेपाची धुरी दरवळली. आम्ही धुरी पेटवलीच नव्हती. कपाटाले कुलूप तसंच... आत कट्यारीची जागा रिकामी.

"आई," मयुरी कुजबुजली, "उशीखाली काहीतरी गार लागते..."

अन् पोरगं रडलं.

सकाळी कट्यार कपाटात, कुलूपबंद. नक्षी गेलेली, गंज पहिल्यापेक्षा जाड. नातवाले जवळ घ्यायचं सोडून हे लिंबू चोळत बसले.

मी आंघोळीले पोराचं दुपटं सोडलं. कमरेले काळा करदोडा. त्यात कवडी, ओल्या मातीनं भरलेली. आमच्यापैकी कोणी बांधला नव्हता. कात्रीनं तुटला नाई.

भाग्य आलं आमच्या घरी. पेढे वाटले, बारसं झालं. रुखमाचा पाळणा अजून आढ्याले टांगलेला आहे म्हणतेत. आमचा नातू आता अंगणभर पळते, अन् करदोडा त्याच्यासंग वाढून राह्यला, ना सैल, ना घट्ट.

कवडीतली माती मात्र वाळत नाई.