एका बटणाची जप्ती

क्रांतीने आयुष्यात पहिली गाडी अडवली ती पलूसच्या वांग्यांची. मलकापूरजवळच्या पोलीस प्रशिक्षणाच्या मैदानावर संशयिताची म्हणून ठेवलेली जीप त्या सकाळी सुरूच होईना. तेवढ्यात मेसला भाजी घेऊन आलेला टेम्पो दिसला आणि प्रशिक्षक लालासाहेब सरांनी जाहीर केलं, "आजपासून हा गुन्हेगार."

टेम्पोवाला धैर्यशील. गुन्हेगाराला अजिबात न शोभणारे, हसरे डोळे.

"इंजिन बंद! चावी बाहेर! हात स्टिअरिंगवर, मला दिसतील असे!" दाराच्या मागच्या कडेला, नियमाप्रमाणे उभी राहून क्रांती ओरडली.

"हात दिसत्यात, पण तुमी न्हाई दिसत," आरशात तिला शोधत तो म्हणाला. "जरा फुडं या की."

"पुढे आलं की दार उघडून पाडता येतं पोलिसाला."

"आवं, मी कशाला पाडू?... आपोआप पडत असंल तर गोष्ट येगळी."

उतरताना त्याच्या शर्टाचं निळं बटण दाराच्या कडीत अडकून तुटलं. क्रांतीने ते उचललं. "जप्त!" म्हणाली – गमतीनेच. परत द्यायचं मात्र राहिलं... म्हणजे, तिने राहू दिलं.

पुढे धैर्यशील गुन्हेगार व्हायला रोज वेळेआधी हजर. शर्ट तोच, बटणाच्या जागी सेफ्टी पिन.

"दुसरं बटण लावा की," ती एकदा म्हणाली.

"लावलं तर पयलं मागायला तोंड ऱ्हाईल का?"

गांजा म्हणून लपवलेली मिठाची पुडी क्रांती सीटखालून, क्रेटमधून, कुठूनही काढायची. आणि नापास व्हायची. गाडीची झडती घेण्याआधी पोलिसाने पंचांसमोर स्वतःची झडती द्यायची असते. आपल्याच खिशातलं काही त्याने गाडीत टाकलं नाही, हे दिसायला. तेवढंच ती विसरते, असा सरांचा समज होता. खरं कारण खिशातलं बटण. ते ती रोज सकाळी खोलीवर ठेवायची. निघताना हात ते पुन्हा खिशात टाकायचा. हाताला कोण काय बोलणार?

परीक्षेच्या दिवशी सर म्हणाले, "आज विसरलीस तर चेकनाक्याची ड्युटी विसर. टेबलावर बसून शिक्के मारायचे."

शिक्के... क्रांतीने डोळे मिटले, उघडले.

"झडतीपूर्वी... पंचांनी आधी माझी झडती घ्यावी."

पंच म्हणजे कँटीनच्या परवीन आपा. त्यांनी खिसे उलटे केले. रुमाल. शिट्टी. कंगवा. निळं बटण. आपांनी बटण पाहिलं, मग टेम्पोतल्या शर्टावरची सेफ्टी पिन पाहिली, आणि पंचाच्या कर्तव्याला जागून मोठ्याने म्हणाल्या, "सर, जोडी जुळतीय."

"कुणाचं हे?"

"समोरच्या इसमाचं, सर."

"बटण कशाला हवं होतं तुला?"

"बटण नको होतं, सर..."

"मग?"

क्रांतीचे कान तापले. पण मान वर झाली. "इसम."

सरांनी नोकरीत पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. न दरडावता मिळालेला हा पहिलाच.

"मलाबी कबूल हाय, सायेब!" स्टिअरिंगवरचे हात न हलवता धैर्यशील ओरडला.

"तुला कुणी विचारलं रं? क्रांती, गाडी तपास."

पुडी टपावर सापडली. "पास," सर म्हणाले.

बटण मुठीत घेऊन क्रांती टेम्पोपाशी गेली. दाराच्या मागे थांबली नाही; चार बोटं पुढेच गेली.

"आता दिसते का?"

"लय."

"क्रांती, उभं राहायची जागा चुकली!" सर ओरडले. पण मार्क आधीच देऊन झाले होते.