उलटी पट्टी

सन १९१६च्या एप्रिल महिन्यात, उत्तर मेक्सिकोतील चिवावा प्रांताच्या पश्चिमेस, सिएरा माद्रेच्या एका निर्जल दरीत अमेरिकन घोडदळाची मशीनगन खेचरासकट कोसळली. ती वर आणावी, न जमल्यास तिचा बोल्ट, म्हणजे ज्याविना गोळी सुटत नाही तो आतला दट्ट्या, काढून आणावा, असा कॅप्टन ड्रेननचा हुकूम होता. कारण आम्ही ज्यांचा पाठलाग करीत होतो त्या मेक्सिकन क्रांतिकारकांच्या हाती ती पडली, तर पुढल्या खिंडीत आमच्याच तुकडीवर रोखली जाणार होती. उतरलो आम्ही तिघे : सार्जंट होल्कम, गन चालवणारा प्रुइट आणि खेचरे हाकणारा मी, अन्सेल्मो.

उन्हाने तापलेले कातळ हाताला चटके देत होते. खडा निसटला की त्याचा आवाज दरीभर घुमे, आणि तो विरेपर्यंत आम्ही श्वास रोखून धरत असू. खेचर तळाशी मरून पडले होते. गन मात्र जवळजवळ धड होती.

"छावणीत डोळ्यांना रुमाल बांधून काडतुसांची पट्टी भरायचास ना रे?" सार्जंट प्रुइटला म्हणाला.

"तेव्हा पैजेवर सिगारेटी होत्या, सार्जंट."

"आज तुझं डोकं आहे. म्हणजे नुकसान कमीच."

प्रुइट हसला. त्याच क्षणी माझ्या कोपराजवळचा दगड फुटला, आणि माउझर रायफलचा कडाड आवाज मागाहून आला. समोरच्या कड्यावर क्रांतिकारकांचे स्वार उभे होते!

प्रुइटने गन खडकावर टेकवली. या गनची काडतुसे पितळी पट्टीत ओळीने बसवलेली असतात, आणि पट्टी आत सारताना काडतुसे खालच्या बाजूस ठेवावी लागतात. हाताची स्वाभाविक ओढ नेमकी उलट असते. म्हणूनच तर तो महिनोन्‌महिने सराव करीत असे. त्याने पट्टी सारली. चाप ओढला.

काहीच झाले नाही.

"उलटी घातलीस," सार्जंट हळूच म्हणाला.

प्रुइट पट्टी ओढू लागला. ती हलेना. त्याची बोटे रक्ताळली. गन मुकी आहे, हे समोरच्यांनी ओळखले. घोडी सोडून ते दरीत उतरू लागले. सार्जंटने बोल्टला हात घातला. पट्टीने तोही जखडला होता. आता ना गोळी सुटणार होती, ना बोल्ट निघणार होता.

"अन्सेल्मो, नालाचा हातोडा आहे का?"

मी तो कमरेचा काढून दिला. सार्जंटने तो प्रुइटच्या हाती कोंबला.

"अडकलीय ना? मग आता कायमची अडकव."

प्रुइटने घाव घातले. पितळ चेपले, पट्टी आत रुतली, बोल्ट वाकला. गन दुरुस्त करता येऊ नये म्हणून मेलेल्या खेचराच्या खोगिरावरची तिच्या सुट्या भागांची कातडी पिशवी मी गळ्यात अडकवली आणि आम्ही चढू लागलो. खालून गोळ्या येत होत्या. सार्जंट थांबे, आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलने एक बार काढी, पुन्हा चढे. माझी टोपी उडाली. मागे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. खाली गनभोवती जमलेल्यांच्या शिव्या तेवढ्या ऐकू आल्या. हातोडा आपटल्याचाही आवाज आला, पण गन बोलली नाही.

माथ्यावर प्रुइट कॅप्टनसमोर उभा राहिला. "पट्टी मी उलटी घातली, सर. भीतीनं."

कॅप्टनने पिशवी उघडून आतले भाग पाहिले. मग दरीकडे कान देऊन गनचा आवाज येतो का ते ऐकले; तो आला नाही.

"गन गेली," तो म्हणाला. "पण त्यांनाही मिळाली नाही. काम झालं."