ओला हत्ती

प्रेम ही अवघ्या विश्वाला फिरवणारी आदिशक्ती आहे. आमच्या घड्याळजीच्या बाबतीत ती रोज पावणेबारा ते बारा एवढीच चालू असे. बाराला बालवाडी सुटायची.

बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून भाचीला आणायला तो पहिल्यांदा गेला तो थेट मातीकामाच्या तासातच शिरला. वीस मुलं कोपरापर्यंत चिकणमातीत. बाईंनी मान वर न करता त्याच्या हातात एक गोळा ठेवला. "मळा. नुसते उभे राहू नका, मुलं बिचकतात."

त्याने मळला. बाईंच्या गालावर मातीचं बोट उमटलं होतं... सांगावं की नाही, या विचारात तास संपला. संध्याकाळी दुकानात त्याने एका घड्याळाला दोन्ही तासकाटेच बसवले.

भाचीने हत्ती केला होता. वस्तू वाळली की घरी न्यायची, असा बालवाडीचा नियम.

"वाळला का?" तो रोज विचारी.

खिडकीतल्या हत्तीला बोट लावून बाई म्हणत, "अंहं... पोटात ओल आहे अजून."

असे एकोणीस दिवस गेले. शेजारचे बेडूक, गोगलगायी, आगगाड्या चार-चार दिवसांत घरोघर पोचल्या. हत्ती ढिम्म.

विसाव्या दिवशी तो साडेअकरालाच आला. रुमाल काढला, ठेवला, पुन्हा काढला.

"ताईचं प्लास्टर निघालं. उद्यापासून तीच येईल."

"बरं झालं की," बाई म्हणाल्या — अगदी वाईट झाल्यासारखं.

"तेव्हा हत्ती... आज न्यावाच लागेल."

"पण तो ओला—"

"रोज सकाळी त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं," भाची टेबलाखालून म्हणाली. "बाई म्हणतात, त्याला ताप आलाय."

बाई कानापर्यंत लाल झाल्या.

"वीस दिवस ताप?" त्याने विचारलं.

"उतरू नये असं वाटत होतं... आणि तुम्ही एवढे घड्याळजी, तुम्हाला काहीच कळू नये?"

"मला वाटलं, मातीच हलकी, वाळत नसेल. मनातल्या मनात तिचे आभार मानत होतो." त्याने रुमाल खिशात कोंबला. "उद्या येऊ? भाचीशिवाय?"

"या. पण बारानंतर."

दोघांचेही हात हत्तीवर होते, कुणाचाच निघेना.

"बाई," भाचीने पदर ओढला, "हत्ती ओलाच आहे तर मोडून द्या ना. मला साप करायचाय."