साडेपाचनंतरची रांग

खोक्यांचा सरकता पट्टा बंद पडलाय ना? मग बसा खाली. दुरुस्तीचा माणूस लीड्सहून यायचा, म्हणजे तासाभराची निश्चिंती. मी या गोदामाच्या फाटकावर बसतो, मला विचारा. आणि तो चहा इकडे सरकवा, तुम्ही तरुण माणसं, तुम्हाला कसली आलीय थंडी.

“डेस, भुताची सांगा,” म्हणे! अरे, जन्मभर शटरं दुरुस्त करत आलेला माणूस मी. तेल न दिलेली वस्तू रात्री कशी ओरडते, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी असा सहजासहजी भिणाऱ्यातला नाही. पण एक गोष्ट आहे. तिचा उलगडा मला अजून झालेला नाही.

तुम्ही रात्रभर खोक्यात भरता ना, बादल्या, लोकरीचे गुंडे, पाखरांचे दाणे? हे सगळं आपल्या हॅलरबीच्या बाजाररस्त्यावर एकाच दुकानात मिळायचं. थ्रिफ्टनमध्ये. देशभर एकशेदहा दुकानं होती त्यांची. आमच्या दुकानाची मॅनेजर ग्लेनिस हार्डकासल. एकतीस वर्षं तिनं तिथे काढली. मी समोरच राहतो, मासे तळणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिनं मला जे सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दोन वर्षांपूर्वीची पंचवीस जानेवारी. गुरुवार. साडेचारलाच मिट्ट काळोख झाला होता आणि भुरभुर बर्फाळ पाऊस लागला होता. दुकान बंद व्हायची वेळ साडेपाच. ग्लेनिस फुटपाथवर मांडलेल्या बादल्या आत घ्यायला बाहेर आली. तिच्या मागोमाग शेरिल, गल्ल्यावर बसणारी पोर.

“किती झाले गं?” शेरिलनं विचारलं.

“दोन हजार सातशे शहाऐंशी.”

“मेलो आपण. मघाशी एक कबूतर आत शिरलं होतं, ते तरी मोजलं का त्यानं?”

“मोजलं असेल तर देव त्या कबुतराचं भलं करो,” ग्लेनिस म्हणाली.

तो आकडा कसला, ते सांगतो. थ्रिफ्टनचं दिवाळं वाजलं होतं. लंडनचे कोणी साहेबलोक कारभार बघायला बसले होते. एकशेदहातली चाळीस दुकानं कोणीतरी विकत घेणार, बाकीच्यांना टाळं. कुठली ठेवायची? तर ज्यांच्या दारातून जास्त माणसं आत येतात ती. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक बारीक डोळा बसवला होता. माणूस आत आला की ‘टिंग’ वाजायचं आणि गल्ल्याजवळच्या डबीतला आकडा एकानं वाढायचा. साहेबांचं फर्मान होतं, गुरुवार रात्रीपर्यंत आठवड्याचे तीन हजार दिसले पाहिजेत. पाहिजे होते तीन हजार आणि कमी पडत होते दोनशे चौदा. दुकानात अकरा बाया कामाला. कोणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कोणाची पोरं लहान.

“मी सोमवारपासून काय करू, ग्लेनिस?” शेरिल रडकुंडीला आली. “गोदामात नाव देऊ? रात्रपाळीला गेले तर माझ्या पोरीला कोण बघेल?”

“तू आता घरी जा, राणी. सोमवारचं सोमवारी बघू. मी आहे ना?”

“तू काय करणार आहेस? जादू?”

“जा म्हणते ना!”

शेरिल गेली. ग्लेनिसनं बादल्या एकात एक घातल्या, दारात रचल्या. शटर खाली ओढायचं बटण तिच्या हाताखाली होतं. तिनं ते दाबलं नाही. ती दारातून बाहेर गेली आणि पुन्हा आत आली.

टिंग. दोन हजार सातशे सत्त्याऐंशी.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दोन्ही गेलेले. पावसात बाहेर जायचं, आत यायचं. बाहेर, आत. कोणी बघितलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणालं असतं. चाळीस फेऱ्यांनंतर तिच्यानं उभं राहवेना. आकडा दोन हजार आठशे सव्वीसवर. तिनं चौकटीला डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. स्वतःसाठी नव्हे हो. त्या अकराजणींना “मी आहे ना” म्हणून बसली होती ना!

रस्ता रिकामा होता. जोड्यांचं दुकान बंद, बँक बंद, खाटकाचं बंद. त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून ती ओरडली, “अहो, या ना कोणीतरी! कोणीही या! काही घेऊ नका हवं तर, नुसते आत या. दुकान उघडं आहे!”

हे तिनं बोलायला नको होतं.

डोळे पुसत ती गल्ल्यावर येऊन बसली. आणि मागे वाजलं... टिंग.

तिनं वळून पाहिलं. दारात कोणी नाही. आकडा आठशे सत्तावीस.

टिंग.

अठ्ठावीस.

पाऊस शिरला असेल यंत्रात, तिला वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला. “बिघड बाबा, बिघड! चांगला बिघड!” ती मोठ्यानं म्हणाली. टिंग, टिंग, टिंग. आठशे पन्नास. नऊशे. ती टाळ्या वाजवत होती. शेरिलला फोन लावावा म्हणून तिनं हात पुढे केला, तेवढ्यात तिला वास आला. ओल्या लोकरी कोटांचा. पावसाळी शनिवारी दुकान गच्च भरायचं, तेव्हा यायचा तसा.

हात तसाच राहिला.

दाराजवळ टोपल्यांची चळत असते ना, खरेदीच्या? तिथे खट्ट वाजलं. वरची टोपली कोणीतरी उचलावी तसं. पुन्हा खट्ट. चळत कमी होत होती.

ग्लेनिस हलली नाही.

लोकरीच्या ओळीत काहीतरी सरकलं. रंगांच्या डब्यांपाशी कोणीतरी डबा उचलला आणि खाली ठेवला. पावलं... सावकाश पावलं. कोणालाच घाई नव्हती.

मग पावलं गल्ल्याकडे आली. एक थांबलं. त्याच्या मागे दुसरं थांबलं. त्याच्या मागे तिसरं...

रांग लागली होती.

आता थ्रिफ्टनचा एक रिवाज होता. शटर पडायच्या आत जो रांगेत उभा राहिला, त्याचं घेतल्याशिवाय गल्ला सोडायचा नाही. मग रात्रीचे आठ का वाजेनात. आणि रांग म्हणजे आपल्याकडे काय, धर्मच! चर्चला दांडी मारतील, पण रांग मोडायचे नाहीत. एकतीस वर्षांत ग्लेनिसनं रांगेतलं एक माणूस परत पाठवलं नव्हतं.

समोर कोणी नव्हतं. गल्ल्यावर मात्र वस्तू होत्या. राखी लोकरीचे दोन गुंडे. ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची पुडी.

दर गुरुवारी हेच नेणारी एकच बाई होती. आयव्ही प्रॉक्टर. तिला पुरून अकरा वर्षं झाली होती. ग्लेनिस स्वतः फुलं घेऊन गेली होती.

“आयव्ही...?”

...

कोणीतरी वाट बघत होतं. ते कळतं माणसाला.

ग्लेनिसचे हात आपोआप चालले. गुंडे घेतले, पुडी घेतली. “पिशवी हवी का, आयव्ही?” तोंडातून सवयीनं गेलं. आणि पुढच्या क्षणी गल्ला रिकामा होता.

“पुढचे...”

पाखरांचे दाणे. उंदरांचा सापळा. हे वॉल्टर... वॉल्टर पिकल्सचं. तो आयव्हीच्याही आधी गेलेला.

टिंग. टिंग. डबीत तीन हजार झाले. दुकान वाचलं! अकराजणी वाचल्या! ग्लेनिस रडत होती, हसत होती. “झालं! झालं हो! उपकार झाले तुमचे. आता पुरे.”

टिंग.

तीन हजार एक.

“आता पुरे म्हणते ना मी...”

टिंग. टिंग. टिंग. तीन हजार पन्नास. रांग लोकरीपर्यंत गेली. रंगांपर्यंत गेली. मागच्या भिंतीपर्यंत गेली. दिसत काही नव्हतं. नुसतं भरलेलं होतं. तिला श्वास घ्यायला जागा उरली नाही.

“पुरे! अहो, पुरे!”

टिंग.

ती उठली. वॉल्टरचा सापळा गल्ल्यावर तसाच. ती दाराकडे निघाली, त्यांच्यामधून. दोन्ही खांद्यांना गार लागत होतं. आणि मला सांगताना ती या ठिकाणी थांबली, तोंडावर हात ठेवला. कारण ती तेव्हा काय म्हणत होती माहीत आहे? “माफ करा हं... जरा जाऊ द्या... माफ करा...”

आणि ते बाजूला होत होते.

सव्वासहाला माझं दार वाजलं. कोट नाही, टोपी नाही, पांढरीफटक. मी तिला चुलीपाशी बसवलं, चहा दिला. एवढंच म्हणाली, “डेस, शटर ओढून ये. आत बघू नकोस.”

मी गेलो. दिवे चालू होते. मी आत बघितलं नाही. भ्यालो, झालं समाधान? बटण दाबलं. शटर खाली येत असताना आतून कोणीतरी खोकलं. रांगेत फार वेळ उभं राहिल्यावर माणूस खोकतो ना, तसं.

शुक्रवारी सकाळी शेरिलनं लंडनला फोन लावला. तीन हजारांवर आकडा गेला म्हणून नाचत होती बिचारी. पलीकडचा साहेब म्हणाला, “हॅलरबी? ते बंद होणार. यादी मंगळवारीच ठरली.”

“मंगळवारी? मग गुरुवारपर्यंत आकडा कशाला मागत होतात?”

“ते पत्र सगळ्यांनाच गेलं होतं,” तो म्हणाला.

ऐकलंत? बघितलासुद्धा नव्हता कोणी तो आकडा. त्या बाईनं पावसात चाळीस फेऱ्या मारल्या, ज्यांना हाक मारू नये त्यांना हाक मारली, आणि यादी दोन दिवस आधीच खिशात होती त्यांच्या. मला अजून संताप येतो.

पंधरा दिवसांत दुकानाला टाळं लागलं. माल गेला, फळ्या गेल्या, टोपल्या गेल्या. गल्ल्याचं टेबलसुद्धा उपटून विकलं. त्या अकराजणींपैकी सहाजणी इथेच आल्या, या गोदामात. ग्लेनिस त्या दिवसानंतर दुकानात शिरली नाही. पण रोज साडेपाचला समोरच्या बाकावर येऊन बसायची. पाऊस असो, काही असो.

“घरी जा गं,” मी म्हणायचो. “काय बघतेस? आत उंदीरसुद्धा उरला नाही.”

“रांग उभी आहे, डेस. मी बोलावलं त्यांना आणि गल्ला सोडून पळाले.”

“ग्लेनिस, दुकान गेलं. संपलं ते.”

“त्यांना कोणी सांगितलंय का तसं?”

नोव्हेंबरात तिच्या छातीत पाणी झालं. तिला इस्पितळात नेलं. मी भेटायला गेलो तर मला ओळखलं नाही. नर्सला मात्र सारखी सांगत होती, “मला सोडा हो, लोक खोळंबलेत.”

त्याच आठवड्यात, बुधवारी, जागेच्या नव्या मालकानं मला शटर बघायला बोलावलं. दहा महिन्यांनी मी ते वर केलं. आत नुसती जमीन आणि बोटभर धूळ. धुळीत पावलं होती. बुटांच्या जोड्या, एकीमागे एक, मध्ये हातभर अंतर, मागच्या भिंतीपासून थेट गल्ल्याच्या जागेपर्यंत. सगळ्यांची टोकं गल्ल्याकडे. आलेल्याची खूण नाही, गेलेल्याची नाही. नुसती उभी राहिलेली. पुढची जोडी मोठी होती, पुरुषाची. मी उंबऱ्यावरूनच काम केलं. एक भाग नवा लागत होता, तो घेऊन शुक्रवारी येतो म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी ग्लेनिस गेली. तिच्या बहिणीचा फोन आला मला. किती वाजता गेली, ते मी विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं. साडेपाचला.

शुक्रवारी सकाळी मी नवा भाग घेऊन गेलो. हातातलं काम टाकायची मला सवय नाही. शटर वर केलं, विजेरीचा झोत टाकला.

पुढची मोठी जोडी तिथे नव्हती. तिच्या मागच्या सगळ्या एकेक पाऊल पुढे सरकलेल्या. आणि गल्ल्याच्या जागेच्या मागे, जिथे बुधवारी सपाट धूळ होती, तिथे बायकी बुटांची एकच जोडी. रांगेकडे तोंड करून.