नऊ दुकानांपुढची मोकळी जागा

ज्यांना अंधार, वटवाघळं आणि कुत्र्याचं रडणं हवं असेल त्यांनी दुसरीकडे जावं. ही गोष्ट भर दुपारची आहे. मंगळवार होता, सव्वा वाजला होता, आणि डांबर इतकं तापलं होतं की चप्पल चिकटत होती.

आणि ही गोष्ट खरी आहे. मी आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, नाही कुठं म्हणतोय? पण थाप मारताना मला मजा येते. हे सांगताना येत नाही. त्यावरून काय ते समजा.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती दोघंही माझी भाचरं. सख्ख्या बहिणीची मुलं.

जागा म्हणजे गावाबाहेरच्या हमरस्त्याला लागून असलेली नऊ दुकानांची रांग. अशा रांगा तुम्ही शंभर पाहिल्या असतील. मागे एका ओळीत बसकी दुकानं, आणि पुढे पार्किंगचं डांबरी मैदान. गाड्या मावतील ऐंशी, उभ्या असायच्या सहा. सावलीचं नाव नाही. सहाव्या दुकानात माझा थोरला भाचा बॅगा, चेन आणि छत्र्या दुरुस्त करायचा. त्याला आपण दादा म्हणू, कारण त्याची धाकटी बहीण तेच म्हणायची.

धाकटी शिकली होती रस्ते आणि बाजार आखायला. दादा तिला फूटपट्टी म्हणायचा.

मालकीणबाईंनी रांग पाडून तिथं गोदाम बांधायचं ठरवलं होतं. फूटपट्टी त्यांच्यापुढे जाऊन बसली. म्हणाली, "मला तीन आठवडे द्या. ही जागा मी जिवंत करून दाखवते. नाही पटलं तर पाडा."

मालकीणबाई म्हणाल्या, "तीन आठवडे. चौथा नाही."

म्हणजे नकाशा पटला तर दादाचं दुकान राहणार होतं. नाही पटला तर चाळिशी उलटलेला दादा शिलाई मशीन डोक्यावर घेऊन रस्त्यावर. पोरीनं हे काम का अंगावर घेतलं ते वेगळं सांगायला नको.

तिची कामाची एक पद्धत होती. आधी नुसतं बघायचं. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या गच्चीवर छत्री लावून ती बसली. मांडीवर जागेचा आराखडा, त्यावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर. गाडीतून माणूस उतरला की त्याच्या पावलांमागं पेन्सिल. कुठून निघाला, कुठून वळला, कुठल्या दारात शिरला. एका माणसाची एक रेघ. दिवसाचा एक कागद.

तीन दिवस हे चाललं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तिन्ही कागद एकमेकांवर ठेवले आणि उजेडाकडे धरले. रेघांचं नुसतं जाळं. पण मैदानाच्या मधोमध...

एक पांढरा डाग होता.

लांबट, माणूसभर रुंदीचा. सगळ्या रेघा तिथपर्यंत सरळ येत होत्या, अलगद बाजूला होत होत्या, आणि पुढं जाऊन पुन्हा सरळ होत होत्या.

एकही रेघ आरपार गेलेली नव्हती.

एकही.

तिला वाटलं, खड्डा असेल. तेल सांडलं असेल. खाली जाऊन पाहिलं. सपाट डांबर. ना खड्डा, ना डाग, ना झाकण.

लाँड्रीवाल्या काकू दारातच इस्त्री करत होत्या. तिनं विचारलं, "काकू, तुम्ही तिथून येताना वळसा का घालता?"

"कोण, मी? मला काय हौस आहे का उन्हात फिरायची? सरळ तर येते!"

"आत्ता बघितलं मी."

"मग चष्मा बदल," काकू म्हणाल्या आणि कपड्यांवर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल दादाच्या हातात दिला. "मी चालते. तू शूटिंग कर." आणि ती त्या जागेकडे निघाली. समोर सलूनची पाटी, नजर पाटीवर, पावलं मोजून. एकदम नाकासमोर. मध्ये काहीच आलं नाही. ती खूश होऊन दादापाशी पोचली.

दादा हसत होता. "फूटपट्टी, भरलेला माठ चुकवल्यासारखी काय वळलीस मधेच?"

"मी? मी सरळ आले."

त्यानं मोबाइल पुढे केला.

पडद्यावर ती स्वतःच होती. सरळ येत होती... मग खांदा आखडून बाजूला झाली... कुणाला तरी वाट दिल्यासारखी. मान किंचित झुकवून. आणि पुन्हा सरळ.

तिनं ते तीनदा मागं नेऊन पाहिलं.

आता तुम्ही वाट बघत असाल, इथं बुजवलेली विहीर निघेल. नाहीतर अपघातात गेलेली बाई. मीही तेच धरून चाललो होतो! मी स्वतः चौकशी केली. दुकानांआधी तिथं माळ होता. माळाआधीही माळच. कुणी मेलं नव्हतं, कुणी शाप दिला नव्हता. ती जागा फक्त मोकळी होती. खूप वर्षं... कुणीच काही न करता.

पोरगी घाबरली, पण तिच्या धंद्याचा एक रोग असतो. मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. तिनं विचार केला, लोक नाहीतरी तिथून जात नाहीत, मग तिथंच झाड लावू. भोवती गोल बाक. त्या रविवारी तिनं ते पक्क्या शाईनं नव्या नकाशात काढलं.

सोमवारी ती गच्चीवर बसली. तासाभरात पेन्सिल थांबली.

लोक मधूनच चालत होते. अगदी त्याच जागेवरून. डाग तिथं नव्हता.

डाग बारा पावलं अलीकडे होता.

दुकानांच्या बाजूला.

मंगळवारी ती सलूनवाल्याशी बोलली. "तुमची गिऱ्हाइकं कालपासून कुठून येतात बघितलंत का?"

"बाई, येतात हेच पुष्कळ आहे. कुठून का येईनात, छपरावरून येऊ देत!"

ती रोज रात्री घरी बसून नकाशा पुरा करत होती. सायकलींचा स्टँड. फुलझाडांचा वाफा. गाड्या सगळ्या मागच्या बाजूला. पुढं फरसबंद वाट, दुकानांवर राहायच्या खोल्या, प्रत्येक दुकानापुढं सावलीचा ओटा. एक वीत जागा वाया जाऊ द्यायची नाही, असं मालकीणबाईंना कबूल केलं होतं. रोज एक कोपरा भरायचा. आणि रोज दुसऱ्या दिवशी डाग सरकलेला असायचा.

सायकलींचा स्टँड काढला. डाग आठ पावलं पुढं.

वाफा काढला. डाग वाटेच्या कडेला.

वाट काढली. डाग ओट्यांपाशी.

तिनं दादाला सांगितलं. दादा चेन बसवत होता. दातात दोरा धरूनच म्हणाला, "अगं, त्यालाही बॅग दुरुस्त करायची असेल. येऊ दे की."

"दादा, थट्टा नको. चार दिवस दुकान बंद ठेव."

"चार दिवस? तुझा नकाशा पास व्हायच्या आतच मला घरी बसवतेस?" मग तिचा चेहरा बघून त्यानं दोरा काढला. "बरं. हा मंगळवार जाऊ दे. तुझी मालकीणबाई येऊन गेली की लावतो कुलूप. दुकान बंद दिसलं तर ती म्हणेल, बघा, इथं कुणी बसतच नाही."

ते खरंच होतं.

तो मंगळवार उजाडला.

मालकीणबाई दोनला येणार होत्या. ही बारापासून गच्चीवर. नकाशा पुरा झाला होता, गुंडाळून बरोबर आणला होता. दुपारी एकच्या सुमारास तिच्या मनात काय आलं कोण जाणे. तिनं नवा नकाशा पसरला आणि दोन्ही आठवड्यांचे ट्रेसिंग पेपर एकेक करून त्यावर ठेवले.

सोमवारचा डाग. त्या दिवशी ती जागा नकाशात कोरी होती.

मंगळवारचा. तीही तेव्हा कोरी.

बुधवारचा. कोरी.

ती एकेक जागा भरत होती... आणि जे काही तिथं होतं ते उरलेल्या कोऱ्या जागेत जाऊन उभं राहत होतं. बिचारं म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता सगळा नकाशा भरला होता. झाडं, बाक, जिने, दिवे.

एक जागा सोडून.

सहाव्या दुकानापुढचा कोपरा. सगळ्यांना सारखे ओटे दिले होते, पण भावासाठी तिनं वरच्या खोल्यांचा जिना हळूच सलूनच्या अंगाला ढकलला होता आणि सहा फुटांचा तुकडा दादाच्या दारात राखला होता. मशीन बाहेर मांडता येईल म्हणून. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्यात काही काढलं नव्हतं, लिहिलं नव्हतं.

इतकीच तिची लबाडी. मी असतो तर दहा फूट राखले असते.

तिनं खाली पाहिलं. दादाच्या दारापुढून एक बाई पिशव्या घेऊन चालली होती. दारापाशी आली... खांदा आखडला... आणि वळसा घालून गेली.

ते तिथं पोचलं होतं.

तिनं पेनाचं टोपण दातांनी उपटलं. काहीतरी काढायचं. काहीही. कुंडी, खांब, काहीही! अन् घाईत हातानं तेच काढलं जे पंधरा वर्षं रोज शेकड्यांनी काढत होता.

एक छोटं वर्तुळ. त्याला दोन खांदे.

नकाशात माणूस दाखवायची खूण.

शाई ओली होती तोवर दादा दारातून बाहेर आला. हातात डबा. त्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला, गच्चीकडे बघून त्यानं डबा उंच केला. "फूटपट्टी! जेवायला ये!"

सव्वा वाजला होता.

सलूनमधून एक दाढी केलेला माणूस निघाला. दादा त्याच्या वाटेतच होता. दादा म्हणाला, "या, झाली का दाढी?" ओळखीचा होता.

त्या माणसानं मान किंचित झुकवली... आणि दादाला वळसा घालून निघून गेला.

मग काकू आल्या. त्यांनीही तेच केलं.

फूटपट्टी जिना उतरली की पडली, तिलाच माहीत नाही. "दादा!" करत ती मैदानातून धावली. समोर दादा. नजर दादावर. हात पसरलेले. तिनं मिठी मारली...

तिच्या मिठीत सलूनचा खांब होता.

दादा मागं उभा होता. चार पावलांवर. हातात डबा तसाच. तो आता हसत नव्हता.

तिनं पुन्हा धाव घेतली. पुन्हा खांब. तिनं डोळे मिटून जमिनीवर बसून सरकून पाहिलं. नंतर ब्लेडनं नकाशातली ती खूण खरवडली. कागद फाटला. खूण गेली.

काही उपयोग झाला नाही.

दोनला मालकीणबाई आल्या. फाटक्या नकाशावर बोट फिरवत म्हणाल्या, "छान आहे. वाया गेलेली जागा कुठंच दिसत नाही."

नकाशा पास झाला.

तिनं तो परत मागितला, हातापाया पडली. पण बाकीची सगळी कुटुंबं हात जोडून उभी होती. आणि दादाच म्हणाला, लांबून, "राहू दे गं. माझ्यापायी सगळ्यांची दुकानं पाडतेस?"

आज ती रांग बघण्यासारखी झाली आहे. झाडाला सावली आली. बाकावर म्हातारे बसतात. वरच्या खोल्यांत दिवे लागतात. दादा सहाव्या दुकानात आहे, धडधाकट. लोक त्याला लांबून हात करतात, फोन करतात. फक्त कुणाची पावलं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. लोक बॅगा दोरीला बांधतात, तो ओढून घेतो. घरी आई ताट वाढते, ते त्याच्यापासून हातभर अलीकडेच टेकतं. आई रोज म्हणते, "नीट तर ठेवलं होतं." तो ओढून घेतो.

फूटपट्टीनं मागच्या पार्किंगमध्ये भांडून एक तुकडा कोरा ठेवून घेतला. काही काढायचं नाही, काही लावायचं नाही. ते परत जाईल म्हणून. दोन वर्षं झाली. तिथून लोक खुशाल आरपार चालतात, मुलं चेंडू खेळतात.

ते तिकडं गेलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. दारापासून चार पावलांवर खुर्ची टाकून बसलो, त्याहून पुढं जमलं नाही. दादा आत शिवत होता. पूर्वी मशीन खोलीच्या मधोमध असायचं. आता पार भिंतीला टेकवलेलं होतं, आणि तो एक खांदा आखडून, अंग चोरून बसला होता.

मी म्हटलं, "अरे, एवढी खोली रिकामी पडलीय. ऐसपैस बस की."

त्यानं मान वर केली नाही. चाक फिरवत राहिला.

"हळू बोला, मामा," तो म्हणाला. "आत्ता कुठं बसलंय."